स्पीडब्रेकर, पार्किंग आणि बसथांबा: अर्ज तीन, रस्ता एक

प्रश्न थोडक्यात असा: वस्तीतल्या एका अंतर्गत रस्त्यावरून मुख्य चौक टाळण्यासाठी गाड्या भरधाव जातात. रहिवाशांनी पालिकेला तीन अर्ज दिले. स्पीडब्रेकर बसवा, दोन्ही बाजूंच्या गाड्या हटवून नो पार्किंग करा, आणि लांब असलेला बसथांबा वस्तीच्या तोंडाशी आणा. वर्ष होत आलं. पहिल्या अर्जावर ‘निकषात बसत नाही’ असा शेरा आला, दुसरा ‘वाहतूक पोलिसांकडे वर्ग’ झाला आणि तिसऱ्याला उत्तरच नाही. पालिका हे निर्णय नेमके कशावर घेते, आणि आता काय करावं?

उत्तर

तुमच्या तीन मागण्या एकाखाली एक लिहून पाहिल्या की लगेच लक्षात येतं, त्या एकमेकींच्या आड येतात. दोन्ही कडांच्या गाड्या हटवल्या की रस्ता एकदम रुंद आणि मोकळा होतो, आणि सरळ मोकळ्या रस्त्यावर चालक नकळत वेग वाढवतो. म्हणजे दुसरा अर्ज मंजूर झाला तर पहिल्या अर्जातली तक्रार वाढणार. बस या रस्त्याने आत आणायची असेल, तर रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा स्पीडब्रेकर बसमध्ये उभ्या असलेल्या प्रवाशांना हिसके देतो आणि दिवसभर त्यावरून जाणाऱ्या चालकाची पाठ जाते. परिवहन विभाग हरकत घेणारच. आणि बसथांब्याला कडेची जी मोकळी लांबी लागते, ती पार्किंगमधूनच काढावी लागते. हे तुम्हाला वर्षभरात कुणी सांगितलं नाही, कारण तीन अर्ज तीन टेबलांवर गेले आणि प्रत्येक टेबलाने आपल्या कागदापुरतं उत्तर दिलं. पालिकेच्या वाहतूक विभागात मी नोकरीची बहुतेक वर्षं काढली. बरेचसे अर्ज असेच सुटे सुटे येतात आणि सुटे सुटेच निकाली निघतात, आणि त्यात नुकसान रस्त्यावर चालणाऱ्याचं होतं.

म्हणून आधीच सांगतो: अर्जात उपाय मागू नका, अडचण मांडा. ‘स्पीडब्रेकर बसवा’ असं लिहिलं की कनिष्ठ अभियंत्यापुढे एकच प्रश्न येतो, इथे स्पीडब्रेकर नियमात बसतो का. बसत नसेल तर तो तसं लिहितो आणि फाइल बंद होते. ‘शाळा सुटायच्या वेळी या वळणावर मुलांना रस्ता ओलांडता येत नाही’ असं लिहिलं, तर टेबलावर बसून देता येईल असं उत्तरच नसतं. त्याला स्थळपाहणीला यावं लागतं.

‘निकषात बसत नाही’ म्हणजे काय

रहिवाशांना जाणवणारा वेग आणि मोजलेला वेग यांत बऱ्याचदा अंतर असतं. घरातून आवाज आधी पोचतो. रात्री साडेअकराला सायलेन्सर बदललेली एक मोटारसायकल गेली, की दिवसभरात शांतपणे गेलेल्या शेकडो गाड्यांपेक्षा तीच लक्षात राहते. म्हणून विभाग रस्त्यावर मोजणी यंत्र लावतो किंवा रडार गन देऊन माणूस उभा करतो. त्यातून जो आकडा अनेक देशांत बघतात तो असा: शंभर गाड्या संथ ते वेगवान अशा रांगेत लावल्या, तर ८५ व्या गाडीचा वेग किती. तो ठरवलेल्या मर्यादेच्या वर असेल तर रस्ता निकषात बसला.

या एका आकड्यावर निर्णय घेणं मला कधी पटलं नाही. एका रस्त्यावर जवळजवळ सगळ्याच गाड्या हव्या त्यापेक्षा थोड्या जास्त वेगाने जातात. तिथे रस्त्याची बांधणीच वेगाला आमंत्रण देते, आणि बांधणी बदलल्याशिवाय फरक पडत नाही. दुसऱ्या रस्त्यावर बहुतेक सगळे नीट चालवतात, पण रात्री ठरावीक वेळी चार-पाच जण बेफाम जातात. तिथे काम पोलिसांचं आहे, त्याच वेळी, त्याच जागी. या दोन रस्त्यांचा ८५ टक्क्यांचा आकडा सारखा येऊ शकतो आणि उपाय मात्र पूर्ण वेगळे असतात. म्हणून तुम्हाला नकार आला असेल तर फक्त आकडा मागू नका. मोजणी कोणत्या तारखेला, किती ते किती वाजेपर्यंत आणि रस्त्याच्या कोणत्या टोकाला झाली, हे मागा. शाळेच्या सुट्टीत केलेली मोजणी शाळेच्या रस्त्याबद्दल काहीच सांगत नाही. ऐन गर्दीत गाड्या रांगेत अडकलेल्या असताना केलेली मोजणीही तशीच. आणि मोजणारा वळणाच्या अलीकडे उभा असेल तर त्याला ब्रेक लावलेल्या गाड्याच दिसणार.

वेगाचा आग्रह का धरायचा, हे साध्या गणितात दिसतं. समोर मूल आलं हे कळून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सावध चालकालाही साधारण एक सेकंद लागतो. ताशी ३० किमी वेगाची गाडी त्या एका सेकंदात ८ मीटरहून थोडी पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावला तर आणखी ५ मीटरमध्ये थांबते. एकूण साधारण १३ मीटर. ताशी ५० किमीची गाडी नुसत्या विचाराच्या त्या एका सेकंदातच जवळजवळ १४ मीटर गेलेली असते. ज्या जागी पहिली गाडी पूर्ण थांबली, त्या जागी दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो. ती पूर्ण ५० च्या वेगाने आदळते. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने १९९२ मध्येच मुख्य रस्ते सोडून बाकी शहरभर ३० ची मर्यादा लावली, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता सुरक्षेच्या जागतिक परिषदेत निघालेल्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात चालणारे, सायकलवाले आणि गाड्या जिथे एकत्र येतात तिथे ३० हीच मर्यादा असावी असं म्हटलं गेलं. त्यामागे हेच गणित आहे.

पण ३० चा फलक लावून वेग ३० होत नाही. ‘मुले खेळत आहेत, गाडी हळू चालवा’ अशा फलकांनी तर फारच थोडा फरक पडतो. रोज जाणाऱ्याला चौथ्या दिवशी तो फलक दिसेनासा होतो. वळणावर लावायच्या गोल आरशाचंही तसंच. त्यात अंतर आणि वेग दोन्ही फसवे दिसतात, म्हणून मी तो शेवटचा पर्याय मानतो.

स्पीडब्रेकरबद्दल थोडं सविस्तर

सर्वांत जास्त मागणी याचीच, आणि सर्वांत जास्त वाईट काम याचंच होतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स नावाच्या संशोधकाने वेगवेगळ्या आकारांचे उंचवटे करून त्यांवरून वाहनं चालवून पाहिली. आखूड, टोकदार उंचवट्यावरून गाडी हळू नेली तर जोरात धक्का बसतो, पण वेगाने नेली तर सस्पेन्शन तो धक्का खाऊन टाकतं. म्हणजे बेफाम जाणाऱ्याला बक्षीस आणि हळू जाणाऱ्याला शिक्षा. त्यातून जो आकार पुढे आला तो सुमारे ३.७ मीटर लांबीचा, मधोमध सुमारे १० सेंटिमीटर उंच, वर्तुळाच्या तुकड्यासारखा सलग गोलाई असलेला. याच्यावरून हळू गेलं तर फारसं काही जाणवत नाही आणि वेग वाढवला की त्रास वाढत जातो. रात्री कुणीतरी डांबराची एक पाळ ओतून जातं, तो स्पीडब्रेकर नव्हे. तिच्यावर पट्टे नसतील, आधी फलक नसेल, वर दिवा नसेल, तर पावसाळी रात्री दुचाकीवरचा माणूस तिथे पडतो. असा उंचवटा तुमच्या रस्त्यावर असेल तर तो काढून टाका असा अर्ज आधी करा.

एकच स्पीडब्रेकर रस्त्याच्या मध्यावर बसवून काही होत नाही. गाडी तिथे हळू होते आणि पुढे उरलेल्या अंतरात गेलेला वेळ भरून काढते. परिणाम हवा असेल तर ठरावीक अंतराने, साधारण ६० ते १०० मीटरवर, मालिका लागते. तेव्हा मग ज्यांच्या घरासमोर ते येणार त्यांना विचारावं लागतं, कारण ब्रेक आणि पुन्हा उचललेला वेग यांचा आवाज त्यांच्या खिडकीत येतो आणि अवजड गाडीचा हादरा भिंतीला जाणवतो. सह्यांच्या मोहिमेत सही करणारे बरेच जण ‘स्पीडब्रेकर हवाच, पण शेजारच्या फाटकासमोर’ अशा मताचे असतात. अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांचाही प्रत्येक उंचवट्याला काही सेकंदांचा तोटा असतो. मालिकेत ते सेकंद वाढत जातात.

बसच्या मार्गावर यातून वाट काढता येते. रस्त्याच्या पूर्ण रुंदीऐवजी उशीसारखे सुटे चौकोनी उंचवटे बसवायचे, असे की बसची दोन्ही बाजूंची रुंद चाकं त्यांच्या दोन कडांनी निघून जातात, पण मोटारीचं निदान एक चाक त्यावर चढतंच. रुग्णवाहिकेलाही त्याचा थोडा फायदा होतो, अग्निशमनाच्या गाडीला तर बराच. तुमच्या बाबतीत बस आत आणायचा विचार असल्यामुळे चर्चा इथूनच सुरू व्हायला हवी होती.

त्याहीपेक्षा मला स्वतःला आवडतो तो कोपऱ्यांचा इलाज. फुटपाथ चौकात थोडा पुढे आणून कोपरा तीव्र केला, की वळणाऱ्या गाडीला वेग कमी करावाच लागतो आणि चालणाऱ्याला ओलांडायचं अंतर कमी होतं. त्याला धक्का नाही, आवाज नाही, कुणाच्या फाटकासमोर काही येत नाही. खर्च जास्त येतो, कारण पावसाच्या पाण्याची गटारं हलवावी लागतात. पण आधी रंग आणि प्लास्टिकचे खांब लावून काही महिने बघता येतं, आणि तेवढ्या परवानगीला विभाग सहसा अडवत नाही.

गाड्या तुमच्या रस्त्यावर येतातच का

तुमच्या प्रश्नात ‘मुख्य चौक टाळण्यासाठी’ हे तीन शब्द आहेत, आणि माझ्या मते रोग तिथे आहे. मुख्य चौकातला सिग्नल एखाद्या बाजूला फार वेळ लाल राहत असेल, किंवा उजवं वळण बंद केलं असेल, तर माणूस आतल्या रस्त्याने जाणारच. हे तपासायची जुनी, सोपी पद्धत आहे. गर्दीच्या एका तासात रस्त्याच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस बसवायचा, आणि प्रत्येक गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे आणि वेळ लिहायची. एका टोकाला शिरून दोन-तीन मिनिटांत दुसऱ्या टोकाला बाहेर पडलेली गाडी वस्तीतली नव्हे. हे काम पालिकेनेच करायला हवं, पण रहिवासी संघाने एका सकाळी करून आकडे अर्जाला जोडले तर मोजणीचा आदेश निघायला वेळ लागत नाही. शेवटचे तीन आकडेच लिहा. पूर्ण क्रमांक लिहायची गरज नाही आणि ते योग्यही नाही.

आरपार जाणाऱ्यांचं प्रमाण मोठं निघालं, तर कितीही स्पीडब्रेकर बसवले तरी त्या गाड्या तुमच्याच रस्त्याने थोड्या हळू जाणार. मग उपाय दोनच उरतात: मुख्य चौकाचं वेळापत्रक सुधारणं, किंवा आतला रस्ता मोटारींना आरपार न ठेवणं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात लोकांनी वस्तीतले रस्ते असे बदलले, आणि १९७६ मध्ये तिथल्या कायद्याने अशा रस्त्यांना वेगळा दर्जाच दिला. बार्सिलोनाने पोब्लेनोऊ भागात २०१६ पासून रस्त्यांनी वेढलेल्या शेजारशेजारच्या काही ठोकळ्यांचा (ब्लॉकचा) मिळून एक गट करून आरपार वाहतूक बाहेरच्या रस्त्यांवर ठेवली. चालणारे, सायकली आणि रुग्णवाहिका जाऊ शकतात, गाडी घरापर्यंत पोचू शकते, फक्त मधून पलीकडे निघता येत नाही.

यावर हमखास येणारी हरकत म्हणजे ‘त्या गाड्या शेजारच्या गल्लीत जातील’. ती खरी आहे. म्हणूनच एका गल्लीचा अर्ज मंजूर करायला चांगला अभियंता कचरतो आणि पूर्ण परिसराचा विचार मागतो. शेजारच्या गल्लीतल्या लोकांना आधीच सोबत घ्या. मात्र सगळी वाहतूक जशीच्या तशी सरकते, ही समजूतही बरोबर नाही. केर्न्स, ॲटकिन्स आणि गुडविन या वाहतूक संशोधकांनी २००२ मध्ये ११ देशांतल्या ७० हून अधिक ठिकाणांचा आढावा घेतला. रस्त्यांवरची जागा कमी केल्यावर सांगितली गेलेली भीती बहुतेक ठिकाणी खरी ठरली नाही आणि वाहतुकीचा काही भाग नाहीसाच झाला. लोकांनी वेळ बदलली, साधन बदललं, दोन फेऱ्यांची एक केली.

पार्किंग

‘दोन्ही बाजूंना नो पार्किंग’ ही मागणी मागे घ्या, असं मी स्पष्टच सांगेन. त्याऐवजी दोन गोष्टी वेगळ्या करा.

एक, कोपरे. चौकाच्या कोपऱ्यावर उभी केलेली गाडी ही तुमच्या रस्त्यावरची सर्वांत धोकादायक वस्तू आहे. मूल रस्ता ओलांडायला फुटपाथवरून उतरतं, त्याला बाजूने येणारी गाडी दिसत नाही, आणि येणाऱ्या चालकाला त्याचं डोकंही दिसत नाही, कारण मध्ये उभ्या असलेल्या गाडीचं बॉनेटच त्याच्यापेक्षा उंच असतं. दिसण्यासाठी मूल गाडीच्या कडेपर्यंत पुढे येतं, म्हणजे वाहत्या रस्त्यातच येतं. जर्मनीत चौकापासून ५ मीटरच्या आत गाडी उभी करायला मनाई आहे, ब्रिटनचा नियम १० मीटर सांगतो, आणि कॅलिफोर्नियाने रस्ता ओलांडायच्या जागेआधी सुमारे ६ मीटर मोकळे ठेवायचा नियम करून २०२५ पासून दंड सुरू केला. न्यू जर्सीतल्या होबोकेन या दाट वस्तीच्या छोट्या शहराने कोपरे मोकळे करण्याचं काम चिकाटीने केलं आणि तिथे २०१७ पासून सलग अनेक वर्षं रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. तिथे इतरही कामं झाली, सगळं श्रेय कोपऱ्यांना देता येत नाही. पण इतक्या थोड्या खर्चात इतका परिणाम देणारं दुसरं काम मला माहीत नाही. फक्त पिवळा पट्टा मारून थांबू नका. तिथे सायकल स्टँड किंवा खांब मागा, म्हणजे जागा आपोआप मोकळी राहील आणि पोलिसाची वाट पाहावी लागणार नाही.

दोन, मधला भाग. तिथे कोण उभं आहे ते आधी बघा. रात्री दहाला, सकाळी सहाला आणि दुपारी बाराला एक फेरी मारली की चित्र स्पष्ट होतं. रात्री भरलेला आणि दुपारी रिकामा रस्ता रहिवाशांचा असतो. उलट असेल तर जवळच्या कार्यालयांचा किंवा दुकानांचा. आणि काही गाड्या तिन्ही वेळा त्याच जागी, चाकांखाली पाला साठलेला: या बेवारस. त्या उचलण्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी प्रक्रिया असते, आणि नुसत्या त्या गेल्या तरी अनेक गल्ल्यांना श्वास मिळतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातले डोनाल्ड शूप आयुष्यभर सांगत राहिले की कडेच्या जागा साधारण ८५ टक्के भरलेल्या असाव्यात, म्हणजे प्रत्येक टप्प्यात एखादी जागा रिकामी सापडते आणि जागा शोधत फिरणाऱ्या गाड्या कमी होतात. रहिवासी परवाना हा त्यावरचा सरसकट उपाय समजू नका. घरटी गाड्या जागांपेक्षा जास्त असतील तर परवाना हातात असूनही जागा मिळत नाही. जपानने १९६२ मध्ये कायदा करून गाडी ठेवायला रस्त्याबाहेर जागा आहे याचा दाखला मागायला सुरुवात केली. प्रश्नाचं मूळ तिथे आहे, पण तो वॉर्ड कार्यालयात सुटणारा प्रश्न नव्हे.

उरलेल्या पार्किंगचा वेगासाठी उपयोग करून घ्या. काही अंतर डाव्या बाजूला, पुढचं अंतर उजव्या बाजूला, असं आलटून पालटून पार्किंग आखलं की सरळ रस्ता नागमोडी होतो. वेग उतरतो, एक बाजू नेहमी मोकळी राहते, आणि लागतं काय, तर पांढरा रंग आणि फलक.

बसथांबा

तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं नाही याचं मला नवल वाटलं नाही, आणि सर्वांत वाईटही याचंच वाटलं. थांबा हलवायला तीन संमती लागतात: बस चालवणारी संस्था, रस्त्याची मालक पालिका आणि वाहतूक पोलीस. तिघांपैकी कुणाचंच ते मुख्य काम नसल्यामुळे फाइल मधेच पडून राहते.

परिवहन संस्था थांबा वाढवायला का कां-कूं करते ते समजून घ्या. बसने वेग कमी करणं, थांबणं, दार उघडणं-बंद होणं, पुन्हा वाहतुकीत शिरणं यात प्रत्येक थांब्याला धरा २० सेकंद जातात. बसमध्ये ४० जण असतील तर सगळ्यांचे मिळून ८०० सेकंद. नव्या थांब्यामुळे एका प्रवाशाचं १५० मीटर चालणं वाचलं, तर त्याची साधारण दोन मिनिटं वाचतात. एका फेरीला तिथे ५ जण चढ-उतार करणार असतील तर वाचले ६२५ सेकंद, म्हणजे तोटा. ८ जण असतील तर १,००० सेकंद, म्हणजे फायदा. शहरांत थांब्यांमध्ये साधारण ४०० मीटर अंतर ठेवायची पद्धत यातूनच आली आहे. तुमचा सध्याचा थांबा वस्तीच्या तोंडापासून नेमका किती मीटरवर आहे आणि गर्दीच्या तासात तुमच्याकडचे किती जण तिथे जातात, हे दोन आकडे नसतील तर संस्थेकडे विचार करायला काही नाही.

हे गणित मी मानतो, पण त्यात सगळ्यांची मिनिटं सारखी धरली आहेत हे विसरत नाही. काठी घेऊन चालणाऱ्या बाईंना तेच १५० मीटर तीन मिनिटांहून जास्त लागतात, आणि वाटेत फुटपाथ तुटका असेल तर त्या घराबाहेर पडणंच सोडतात. मग मोजणीत त्या दिसतही नाहीत. म्हणून जवळ दवाखाना, वृद्धांची वस्ती, शाळा असेल तर ते अर्जात ठळक लिहा.

जागा सुचवताना चौक ओलांडून पुढची जागा सुचवा. चौकाच्या अलीकडे बस थांबली की उतरलेले लोक बसच्या पुढून रस्ता ओलांडतात, आणि बसला वळसा घालून येणाऱ्या गाडीला ते शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत. चौकापलीकडे थांबलेल्या बसचे प्रवासी तिच्या मागून, चौकातल्या पट्ट्यांवरून जातात. आणि परतीचा थांबा विसरू नका. सकाळी अलीकडून चढणारा माणूस संध्याकाळी पलीकडे उतरतो. तो रस्ता कसा ओलांडणार याचं उत्तर अर्जात नसेल तर अर्धंच काम झालं. रुंद, चार पदरी रस्ता असेल तर नुसते झेब्रा पट्टे मागू नका. अमेरिकेत हजारो ठिकाणी झालेल्या तुलनेत असं दिसलं की भरपूर वाहतुकीच्या अनेक पदरी रस्त्यावर, मध्ये थांबायला दुभाजक नसताना, नुसत्या पट्ट्यांच्या जागी अपघातांचं प्रमाण पट्टे नसलेल्या जागांपेक्षा जास्त होतं. तिथे मधला आसरा किंवा सिग्नल लागतो.

आता पार्किंगशी याचा संबंध बघा. १२ मीटरची बस कडेला समांतर लागायची तर तिला शिरायला आणि निघायला धरून साधारण ३० मीटर मोकळे लागतात. त्या पट्ट्यात ‘दोनच मिनिटं’ म्हणून एक गाडी उभी राहिली, की बसचं नाक कडेला लागतं आणि शेपूट रस्त्यात राहतं. पुढच्या दारातला माणूस फुटपाथवर उतरतो. मागच्या दारातून उतरणारी, एका हातावर मूल आणि दुसऱ्या हातात पिशवी असलेली बाई फुटपाथपासून दीड मीटर लांब, डांबरावर उतरते. तिला ३०-३५ सेंटिमीटरची पायरी उतरावी लागते आणि बस व फुटपाथ यांच्यामधल्या फटीतून एक दुचाकी घुसत असते. व्हीलचेअरचा रॅम्प उघडतच नाही. म्हणून थांब्याचा फलक आणि शेड मिळाल्यावर समाधान मानू नका, मोकळी कड मागा. पार्किंगचा पट्टा असलेल्या रस्त्यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे थांब्यापुरता फुटपाथच पार्किंगच्या रुंदीइतका बाहेर काढणं. बस आपल्या मार्गिकेतच सरळ थांबते, कड नेहमी मोकळी असते, आणि ३० ऐवजी बसच्या लांबीइतकीच जागा जाते, म्हणजे पार्किंगही जास्त वाचतं. फुटपाथ आत कापून केलेली बस-बे दिसायला नीटनेटकी असते, पण तिच्यातून बसला पुन्हा बाहेर कुणी पडू देत नाही. थोड्याच दिवसांत चालक आत शिरणं सोडतात आणि तिथे गाड्या उभ्या राहू लागतात.

एक अडचण तुमच्याच बाजूने येईल. थांबा हवा असतो सगळ्यांना, स्वतःच्या फाटकासमोर कुणालाच नको असतो. गर्दी, कचरा, रात्रीचा आवाज अशी कारणं येतील. ज्यांच्या फाटकासमोर थांबा येणार ते लोक बैठकीला येतात, आणि थांब्यावर उभे राहणारे त्या वेळी कामावर असतात. म्हणून बैठकीतली हरकत आणि प्रवाशांचं मत यांचं वजन एकाच काट्यावर करू नये, असं मी प्रत्येक टिपणात लिहीत असे. सकाळी सात ते नऊ थांब्यावर जाऊन लोकांशी बोला आणि त्यांचं म्हणणं अर्जाला जोडा.

अर्ज आत गेल्यावर

आवक क्रमांक पडतो, कनिष्ठ अभियंता स्थळपाहणी करतो, पोलिसांचा अभिप्राय मागवला जातो, आणि मग काम प्राधान्य यादीत जातं. यादीत वरचा क्रमांक ठरताना अपघातांची नोंद, मोजलेला वेग, शाळा-दवाखान्याचं अंतर आणि चालणाऱ्यांची संख्या बघितली जाते, किंवा बघितली जायला हवी. अंदाजपत्रकाआधी यादीत नाव नसेल तर वर्ष जातं. म्हणून अर्जाची वेळ महत्त्वाची. अंदाजपत्रकाच्या तीन-चार महिने आधी तो टेबलावर असावा.

‘अपघात झाल्यावरच जागे होणार का?’ हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो आणि तो रास्त आहे. छोट्या रस्त्यावर नोंदलेले अपघात इतके थोडे असतात की त्यावरून धोका कळत नाही, आणि खरचटणं, दुचाकी घसरणं यांची तर नोंदच होत नाही. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये रस्त्यावरचे मृत्यू शून्यावर आणायचं धोरण स्वीकारलं, तेव्हापासून धोक्याची जागा अपघाताआधीच ओळखायचा विचार रुजला. वेग, ओलांडणाऱ्यांची संख्या आणि दृष्टी अडवणाऱ्या गोष्टी हे तीन पुरावे अपघात न होताही गोळा करता येतात.

तक्रारींवर चालणाऱ्या पद्धतीचा मोठा दोष हा की ज्याला अर्ज लिहायला वेळ आहे त्याचा रस्ता आधी सुधारतो. जिथे लोक दोन पाळ्यांत काम करतात तिथून अर्जच येत नाहीत. चांगल्या पालिका म्हणून अर्जांची वाट न बघता स्वतः मोजणी करतात आणि यादी गुणांसकट जाहीर करतात. तुमचं काम झालं नाही तरी चालेल, पण ही यादी जाहीर करा अशी मागणी जरूर करा. त्याचा फायदा तुमच्यापेक्षा वाईट रस्त्यावर राहणाऱ्यांना होईल.

तुमच्या जागी मी असा एकच अर्ज लिहीन:

‘या रस्त्यावर शाळेच्या दोन्ही वेळांना मुलांना आणि वृद्धांना रस्ता ओलांडणं धोक्याचं झालं आहे. सोबत एका सकाळची आमची मोजणी जोडली आहे: इतक्या गाड्यांपैकी इतक्या तीन मिनिटांच्या आत आरपार गेल्या. दोन कोपऱ्यांवर उभ्या गाड्यांमुळे समोरचं दिसत नाही, फोटो जोडले आहेत. जवळचा थांबा इतक्या मीटरवर असून गर्दीच्या तासात आमच्याकडचे इतके प्रवासी तिथे जातात. वेग, पार्किंग आणि बसथांबा यांचा एकत्र विचार करून परिवहन संस्था आणि वाहतूक पोलिसांसह संयुक्त स्थळपाहणी करावी, तिची तारीख आम्हाला कळवावी, आणि कायमचं काम करण्याआधी रंग, खांब व कुंड्या वापरून तात्पुरता प्रयोग करून आधीची व नंतरची मोजणी जाहीर करावी.’

यात सर्वांत कामाचे शब्द ‘संयुक्त स्थळपाहणी’ हे आहेत. तिन्ही खात्यांची माणसं एकाच वेळी त्या कोपऱ्यावर उभी राहिली, की वर्षभर कागदावर न सुटलेलं बरंचसं तिथेच सुटतं. पाहणी दुपारी नको, शाळेच्या वेळेला ठेवा असा आग्रह धरा. प्रयोगाला सहा महिने तरी द्या. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तक्रारी वाढतात, कारण लोक जुन्या सवयीने येतात आणि अडतात. त्या काळातल्या मोजणीवरून निकाल लावू देऊ नका.

पुन्हा नकार आला, तर लेखी तीन गोष्टी मागा: मोजलेले आकडे तारीख-वेळेसह, लावलेला निकष, आणि फेरमोजणी कधी होणार ती तारीख. फेरमोजणीच्या तारखेला दोन्ही टोकांना आपली माणसं उभी ठेवा आणि यंत्र कुठे लावलं त्याचा फोटो घ्या.